तुमच्या अंगणातून डोंगर कसा दिसतो?

शाळेत चित्रकलेच्या बाईंना काय काम असतं, असं लोक मला अजून विचारतात. मी खरं ते सांगते. पंधरा ऑगस्टचा फळा रंगवायचा, निरोप समारंभाच्या कापडावर अक्षरं काढायची, पाहुणे येणार असले की दारात रांगोळी घालायची, प्रमाणपत्रांवर मुलांची नावं वळणदार लिहायची आणि गणिताचे सर रजेवर असले की त्यांचा वर्ग गप्प बसवायचा. यातून तास उरला तर चित्रकला. मुरबाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी सगळी नोकरी अशी केली. तक्रार म्हणून हे सांगत नाही, फळा रंगवतानासुद्धा हात फिरतोच. पण माझ्या मनात माझं काम एकच होतं. मुलांच्या हातात कोरी वही द्यायची आणि ती त्यांच्याकडून भरून घ्यायची.

या वहीला आम्ही स्केचबुक म्हणतो. नाव भारी आहे, वस्तू साधी आहे. कोऱ्या कागदांची, पिशवीत मावेल अशी वही आणि एक पेन्सिल. चित्रकलेच्या वहीत माणूस चित्र काढतो, म्हणजे दुसऱ्याला दाखवायला काढतो. स्केचबुकात फक्त बघण्याची सवय करायची असते. त्यामुळे माझ्या वर्गात या वहीला खोडरबर चालत नसे. रेघ चुकली तर शेजारी दुसरी काढा, चुकलेली राहू द्या. पान फाडायचं नाही. कॅलेंडरवरचं काढायचं नाही. समोर जे आहे ते काढायचं, मग तो जेवणाचा डबा असो, पाटीवर बसलेली माशी असो की पुढच्या बाकावरच्या मुलीची वेणी. आणि रोज काढायचं. वाईट आलं तरी काढायचं, कारण वाईट येणारी शंभर पानं संपवल्याशिवाय बरं येणारं पान उघडतच नाही.

हे मुलांना पटायला वेळ लागे. नवीन वर्गाला मी पहिल्या दिवशी "डोंगर काढा" म्हणून सांगायचे. सगळा वर्ग एकच चित्र काढायचा. दोन त्रिकोण, त्यांच्यामध्ये अर्धा सूर्य, खाली वाकडी नदी, एक झोपडी आणि एक नारळ. वर्गाच्या खिडकीबाहेर सह्याद्रीची सबंध भिंत उभी, वैशाखरे गावची मुलं तर नानाचा अंगठा म्हणतात त्या कड्याखालून रोज एसटीने यायची, आणि वहीत मात्र त्रिकोण. मी त्यांना रागावत नसे. घरचा अभ्यास एवढाच देई, की तुमच्या अंगणातून डोंगर कसा दिसतो ते काढून आणा. दुसऱ्या दिवशी वर्गात भांडणं लागायची. एकाच डोंगराची तीन गावांतून तीन रूपं आलेली असायची. एक म्हणे अंगठा डावीकडे आहे, दुसरा म्हणे तुझा चुकला, तो उजवीकडे आहे. मग त्या दोघांनाच फळ्यापाशी उभं करून मी विचारायचे, तू कुठून बघितलास आणि तू कुठून बघितलास? कोणीच चुकलेलं नसायचं. त्या दिवसापासून वर्गातली निदान चार-पाच मुलं बघायला शिकायची. बाकीची त्रिकोणच काढत मोठी झाली, त्यांचंही काही अडलं नाही म्हणा.

मी स्वतः म्हशाच्या, म्हणजे आमच्या तालुक्यातल्या म्हसा गावच्या जत्रेत शिकले. तिथला गुरांचा बाजार म्हणजे चित्रकाराला फुकटची शाळा. बैल काही तुमच्यासाठी स्थिर उभा राहत नाही. तुम्ही मान काढायला घेतली की तो मान फिरवतो. अशा वेळी ती रेघ तिथेच सोडायची आणि पानावर दुसरीकडे नवी मान सुरू करायची. थोड्या वेळाने तो पहिल्यासारखा उभा राहतो, तेव्हा परत पहिलीकडे जायचं. एका पानावर पाच-सहा अर्धे बैल होतात. एकही पुरा होत नाही, पण घरी येईपर्यंत बैल हातात उतरलेला असतो. एकदा एका बैलवाल्याने माझ्या खांद्यावरून वहीत डोकावलं आणि शेजाऱ्याला ओरडून सांगितलं, की बाईंनी माझ्या बैलाला दोन तोंडं लावलीत, आता ह्याला चारा दुप्पट लागणार. नंतर दर वर्षी तो मला ओळखायचा आणि बैल जरा उजेडात बांधायचा.

माझ्या जुन्या वह्यांपैकी निम्म्या वाळवीने खाल्ल्या. मला त्याचं दुःख झालं, पण फार नाही. स्केचबुक जपून ठेवण्यासाठी नसतं. त्यातलं जे यायचं ते हातात आलेलं असतं. हे मी पूर्वी नुसतं म्हणत असे. निवृत्तीनंतर एका प्रसंगात ते मला कामी आलं, आणि खरं तर तोच सांगायला मी बसले आहे.

म्हशाची जत्रा सरत आली होती. एका सकाळी मला वैशालीचा फोन आला. वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी, आता पोलिसात हवालदार. चित्रकलेत तिला कधी बरे गुण मिळाले नाहीत, पण तिची स्केचबुकं भरलेली असत, आणि तेवढ्यावर मी तिला पास करत असे. ती म्हणाली की ग्रामीण रुग्णालयात एक बाई आणून ठेवली आहे. तिशीच्या आसपासची. वैशाखऱ्याच्या नाक्यावर थंडीने काकडत बसलेली लोकांना सापडली. ऐकू येत नाही, बोलता येत नाही, लिहिता-वाचता येत नाही. मुक्या लोकांच्या शाळेतल्या मॅडमना बोलावलं, पण त्यांच्या खुणा हिला कळत नाहीत, हिच्या घरगुती खुणा त्यांना कळत नाहीत. फोटो सगळ्या ग्रुपवर टाकून झाला. मुरबाडकडचं कोणी ओळखत नाही. दोन दिवसांत पत्ता लागला नाही तर तिला जिल्ह्याच्या महिला आधारगृहात पाठवावं लागेल.

"तिथं चांगलं सांभाळतील, बाई," वैशाली म्हणाली. "पण एकदा लांब गेली की हिला कोण आणि कुठं शोधणार? तुम्ही जरा पेन्सिल घेऊन येता का?"

मी नवी वही घेतली आणि गेले.

ती बाई वऱ्हांड्यातल्या बाकावर पाय वर घेऊन बसली होती. अंगाने किरकोळ, केस विस्कटलेले, दवाखान्याची चादर गुंडाळलेली. आधी आलेल्या सगळ्यांनी तिच्यासमोर उभं राहून हातवारे केले होते, त्यामुळे माणूस जवळ आला की ती तोंड फिरवायची. मी तिला काही विचारलं नाही. शेजारी बसले आणि समोर दिसेल ते काढू लागले. खिडकीचे गज, स्टीलचा पेला, पायरीवर झोपलेलं कुत्रं. कुत्र्याने मध्येच कान हलवला, मी तोच कान शेजारी परत काढला. ती वाकून बघत होती. तीन कानांचं कुत्रं बघून तिला हसू फुटलं. तिने बोटाने एका कानावर फुली मारल्यासारखं केलं, म्हणजे हा जास्तीचा आहे. तिथून आमचं बोलणं सुरू झालं.

मी पानावर घरं काढली. कौलारू, पत्र्याचं, घरकुल योजनेतलं चौकोनी आणि कारवीच्या कुडाचं. तिने कुडाच्या घरावर तळहात ठेवला. मी चूल बाहेर काढली, तिने नाही म्हणून मान हलवली. आत काढली, तिने होकार दिला. मी एक लहान मूल काढलं. ते तिने बराच वेळ बघितलं, मग हात जमिनीपासून गुडघ्याएवढा वर धरला आणि दुसऱ्या हाताने कपाळावर बारीक ठिपका ठेवल्यासारखं केलं. मुलगी होती. एवढीशी, टिकली लावणारी. वैशाली माझ्या मागे उभी होती. तिने तोंड पुसलं आणि उगीचच फोनकडे बघितलं.

मी पेन्सिल तिच्या हातात देऊन बघितली. तिने ती उलटसुलट केली आणि परत दिली. मग आम्ही अंगणात गेलो. तिथे मऊ माती होती. मी एक काटकी उचलून मातीत घर काढलं आणि काटकी तिच्यापुढे ठेवली. ही तिने लगेच घेतली. घराच्या मागे तिने डोंगर काढला. त्रिकोण नव्हे. आधी लांब सपाट माथा, मग खाली उतरणारी रेघ, मग एकदम उभा सुळका, त्याच्याजवळ आणखी एक. काटकी कुठे थांबायची आणि कुठे वळायची हे तिला नेमकं माहीत होतं. मी वर्षानुवर्षं मुलांकडून जे काढून घेण्यासाठी घसा कोरडा केला, ते ही बाई काटकीने काढत होती, कारण तिने तो डोंगर रोज बघितला होता आणि बोलण्यात तो कधी वाया घालवला नव्हता.

काढून झाल्यावर तिने एका सुळक्याला हात लावला आणि मग दोन्ही हातांची बोटं कपाळावरून गालांपर्यंत खाली ओढली. परत सुळक्याला हात, परत तीच खूण.

"मुंडावळ्या," वैशाली म्हणाली. "लग्न झालंय म्हणून सांगतेय."

मलाही तसंच वाटलं. मूल होतं म्हणजे लग्न झालेलं असणार. मुरबाडात दोन सुळक्यांचा डोंगर म्हटला की गोरखगड-मच्छिंद्रगड. वैशालीने त्या बाजूच्या सरपंचांना फोन केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोरखगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतून म्हातारा-म्हातारी आली. म्हाताऱ्याचं नाव सोनू, म्हातारीचं भिमा. त्यांची कमळी नावाची मुलगी जन्मापासून मुकी-बहिरी होती. खूप वर्षांपूर्वी, भातलावणी सरल्यावर ती इतर बायांबरोबर मजुरीला म्हणून गेली आणि परत आली नाही. बरोबरच्या बायांनी सांगितलं की बाजारात हात सुटला. त्यांनी खूप शोधलं होतं. मोबाइलवरचा फोटो कोणीतरी दाखवला आणि दोघं मिळेल त्या गाडीने निघून आली.

भिमाआजीने तिला बघितलं आणि सरळ जाऊन मिठी मारली. तिचं तोंड दोन्ही हातांत धरून ती रडायला लागली. ती मुकी बाईही रडायला लागली. वऱ्हांड्यातल्या नर्स रडल्या, चहावाला रडला. कोणीतरी नारळ आणायला पळालं. भिमाआजी म्हणाली, हिच्या दंडावर भाजल्याचा डाग असंल, लहानपणी चुलीवर पडली व्हती. डाग होता. आता कोणाला शंका घ्यायची इच्छाच राहिली नव्हती.

फक्त वैशाली माझ्याकडे बघत होती. तिला कागद पुरे करायचे होते, आणि ती अशा गोष्टीत घाई करणारी नव्हती. मी मात्र त्या दोघींचे चेहरे बघत होते. आमच्या धंद्यात माणसाचा चेहरा डोळ्यांनी बघत नाहीत, मापांनी बघतात. दोन भुवयांमधलं अंतर, नाकाची बैठक, कानाची पाळी. पोरीत आईबापाचं काहीतरी उतरतं, आणि इथे मला काहीच जुळत नव्हतं. भाजल्याचा डाग तर चुलीपाशी वाढलेल्या कितीतरी पोरींच्या हातावर असतो. पण मापं जुळत नाहीत म्हणून कोणाच्या आईला मी काय सांगणार? मापं चुकतात. वर्षं माणसाला बदलतात. आणि समजा मी बोलले नाही, तर ही बाई एका प्रेमळ घरात जाणार होती. तिकडे मात्र ते टिकलीवालं मूल कोणाच्या तरी दारात वाट बघत राहणार होतं.

म्हणून मी बोलले. मी भिमाआजीला म्हणाले की हिला तुमच्या अंगणातून दिसतो तो डोंगर काढू द्या, आपण सगळी बघू. घरी जायच्या आधी एवढं करू. आजी म्हणाली, काढू दे की.

आम्ही अंगणात गेलो. मी काटकी दिली. तिने कालच्यासारखाच डोंगर काढायला घेतला, पण आज तिला जोर आला होता. कदाचित तिला वाटलं असेल की ही नवी माणसं घरी पोचवणारी आहेत. सपाट माथा, उतार, मग सुळके. आज दोनावर थांबली नाही. तिसरा काढला, चौथा काढला, सगळे एका ओळीत. मग डोंगराच्या खाली काटकी आडवी करून लांबच लांब लाटा काढल्या. पाणी. नदीएवढं नाही, त्याहून मोठं. आणि मग ओळीतल्या एका सुळक्याला हात लावून तिने कपाळावरून मुंडावळ्या ओढल्या. स्वतःच्या छातीला हात लावला नाही. माझ्याकडे बघितलं नाही. फक्त सुळक्याकडे बघून ती खूण केली, आणि शेजारच्या सुळक्यालाही तीच केली.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मुरबाडची नाही. माझं माहेर शहापूरकडच्या खर्डीचं. आमच्याकडे लहानपणी सगळ्यांना माहुलीच्या डोंगराची गोष्ट सांगतात. लग्नाचं वऱ्हाड चाललं होतं ते दगड होऊन उभं राहिलं, तो नवरा, ती नवरी, ती मागची करवली. बाई तिच्या लग्नाबद्दल सांगतच नव्हती. ती डोंगराचं नाव सांगत होती. ऐकू न येणाऱ्या पोरीला तिच्या घरच्यांनी सुळका दाखवून, मुंडावळ्यांची खूण करून शिकवलं असणार, की ही नवरी.

मी खाली बसले आणि तिच्या चित्राशेजारी बोटाने माहुली काढली. खर्डीहून शहापूरला जाता-येता मी तो डोंगर तरुणपणी किती वेळा काढला असेल याला गणती नाही. त्या वह्या केव्हाच वाळवीच्या पोटात गेल्या होत्या, पण बोट अडलं नाही. नवऱ्याजवळची खाच, नवरीचा खांदा, सगळं आपोआप आलं. तिने बघितलं आणि माझा हात घट्ट धरला. तिच्या तोंडातून आवाज आला, आनंदाचा. मग तिने माझं चित्र तळहाताने पुसलं आणि उलटं काढलं. मी नवरी ज्या अंगाला ठेवली होती तिच्या विरुद्ध अंगाला तिने ठेवली, आणि खाली परत पाणी.

मी हायवेच्या बाजूने बघितलेला डोंगर काढला होता. ती पाठीमागून बघत होती. माहुलीच्या पाठीमागे, जिथून सुळके उलटे दिसतात आणि खाली मोठं पाणी आहे, अशी जागा एकच. तानसा तलावाकडची.

मी वैशालीला सांगितलं. ती फोन घेऊन बाजूला गेली. आता भिमाआजीला कसं सांगावं हे मला सुचेना. पण तिला सांगावं लागलंच नाही. ती मातीतल्या चित्राकडे बघत उभी होती. सोनूबाबाही बघत होते.

"येवढं पानी आमच्याकडं कुठलं," ते हळूच म्हणाले. "होळी सरली का हिरी आटतात."

भिमाआजीने खाली वाकून त्या लाटांना हात लावला. मग ती उठली आणि मला म्हणाली, "हा आमचा डोंगर नाय, बाई. ही दुसऱ्या कुनाची हाय." लाटांकडे बघत म्हणाली, "तिचं घर गावलं ना? बरं झालं."

त्या दिवशी दुपारपर्यंत शहापूरहून उलटा फोन आला. बाईचं नाव जना. ती आणि तिचा नवरा भिवंडीच्या बाजूला वीटभट्टीवर कामाला होती. भट्टीवरची माणसं टेम्पो करून म्हशाच्या जत्रेला आली. गर्दीत जना भलत्याच टेम्पोत चढली, आणि तो निघाला घाटाकडे. वैशाखऱ्याला गाडी रिकामी झाली तेव्हा ती उतरली. तिकडे भट्टीवर नवऱ्यासकट सगळ्यांना वाटलं की जत्रेत तिला गाववाले भेटले आणि पोरीच्या ओढीने ती त्यांच्याबरोबर घरी गेली. घरच्यांना वाटत होतं की ती भट्टीवर आहे. वाडीत मोबाइलला रेंज नाही. म्हणजे बाई हरवली होती आणि तिला कोणी शोधतच नव्हतं, कारण दोन्हीकडे ती सुखरूप होती.

नवरा संध्याकाळी मुलीला घेऊन आला. मुलगी गुडघ्यापेक्षा थोडी उंच निघाली. टिकली होती. ती आधी आईकडे गेली नाही, बापाच्या पायाला धरून उभी राहिली. जनाने गुडघे टेकले आणि दोन्ही हात कपाळावरून खाली ओढले. पोरीने तेच केलं, तिच्या बारीक बोटांनी. मग पळत गेली. मला वाटतं ती आई-मुलीच्या भेटीची त्यांची खूण असावी, किंवा घरी जायचं असं असेल. मी विचारलं नाही.

भिमाआजी आणि सोनूबाबा तेव्हाही तिथेच होती. त्यांची शेवटची गाडी निघून जाईल म्हणून वैशाली त्यांना दोनदा उठवायला आली, पण आजी म्हणाली, पोरगी मार्गी लागू दे. दिवसभरात तिने जनाचे केस विंचरून दिले होते, वेणी घातली होती. जाताना जना तिच्या पाया पडली. आजीने तिची अलाबला घेतली, बोटं कडकडा मोडली, आणि पदराने डोळे पुसून ती सरळ माझ्याकडे आली.

"तुमी मानसाचं चित्र काढता का?"

काढते म्हणाले.

"माझ्या कमळीचं काढा. तिचा फोटू नाय."

मी सगळी नोकरी मुलांना एकच गोष्ट शिकवली, की समोर आहे तेच काढा. जे मी कधी बघितलं नाही ते कसं काढू? पोलिसांसाठी अशी चित्रं काढणारे असतात, त्यांचं ते शास्त्र वेगळं, मला ते येत नाही. मी हे सगळं तिला सांगू शकले असते. पण एका दिवसात त्या बाईने एक पोर मिळवली आणि हातची सोडली होती. मी म्हणाले की येते, तुमच्या घरी येते, एका बैठकीत जमणार नाही.

गेल्या वर्षभरात मी महिन्यातून एकदा तरी त्यांच्या वाडीत जाते. पहिल्यांदा मी चुकीचे प्रश्न विचारले. डोळे कसे होते, मोठे का बारीक? आई काय सांगणार? आईला डोळे डोळ्यांसारखे दिसतात. मग मी रीत बदलली. घरात कोणाचं काय तिच्यासारखं आहे ते विचारलं. आजी म्हणाली, कपाळ बापाचं. मी सोनूबाबांचं कपाळ काढलं, चार-पाच वेळा, वेगवेगळ्या बाजूंनी. गाल म्हणे पुतणीचे. पुतणी लाजत बसली, तिचे गाल काढले. नाक आजीच्या बहिणीचं, त्यासाठी आम्ही रिक्षाने शेजारच्या गावात गेलो. डोळे तेवढे कोणाचेच तिच्यासारखे नव्हते. अशी एकेक गोष्ट समोर बसवून, बघून काढते, आणि मग ती सगळी एका चेहऱ्यात बसवायला बघते. माझा नियम मी मोडलेला नाही. फक्त माणूस समोर नाही, तर तो जिथे जिथे सांडला आहे तिथून गोळा करते.

पहिलं चित्र बघून आजी म्हणाली होती, "नाक तिचं हाय. बाकी कुनाचं तरी." मी पान उलटलं. दुसरं, तिसरं, सातवं. ती कधी खोटं कौतुक करत नाही, आणि मी तिला कधी रेघ खोडताना दिसले नाही. चुकलेल्या कमळी सगळ्या वहीत आहेत. एकदा मी विचारलं, की किती वयाची काढू? गेली तेव्हाची, की आता असेल तशी? पोलिसांना आताची उपयोगी पडेल, वैशाली तसं म्हणत होती. आजीने क्षणभरही विचार केला नाही. "गेली तवाची काढा. आताची मी वळखीन."

कमळी सापडलेली नाही. वैशाली तिच्या परीने शोधते आहे. चित्र पुरं झालं की तेही ग्रुपवर जाईल, आणि त्याने ती सापडेलच असं मी कोणाला सांगत नाही. लोक मला विचारतात की एवढी वर्षं शिकवून तुम्ही किती चित्रकार घडवले. एकही नाही. एक हवालदार घडवली, तिला आठवलं की पेन्सिलीचा असाही उपयोग होतो. माझी खंत असलीच तर एवढी, की माझ्या वर्गात भिमाआजीसारखं बघणारं कोणी असलं असतं, तर मी कितीतरी लवकर शिकले असते.

परवा गेले तेव्हा भाताची मळणी चालू होती. आजी हात झटकत आली, पायरीवर बसली. मी रात्री घरी बसून नवं पान काढलं होतं, या वेळी घाई न करता. तिने वही दोन्ही हातांत धरली आणि उजेडाकडे वळवली. सोनूबाबा खळ्यातून बघत होते. पेंढा हातातच होता.

"आली काय गो?" त्यांनी विचारलं.

आजीने वहीवरून मान वर केली नाही.

"डोळ्यांपरेंत आलीय," ती म्हणाली.